करंजाखालचं दगडी पातं

यंत्र अण्णांनी बनवलं होतं, पण त्याचं ऐकायचं काम माझं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो. दुकानात एका वेळी पाच-सहा रेडिओ पोट उघडं टाकून पडलेले असायचे आणि प्रत्येक जण वेगळ्या स्टेशनावर खरखरत असायचा. शेजारच्या तेलुगू विणकरांच्या घरातून मागाचा खडखडाट यायचा, पाळीच्या वेळी गिरणीचा भोंगा व्हायचा आणि मागच्या खोलीतून अव्वाची भाकरी थापल्याचा थप थप आवाज. माझ्या आईला मी अव्वा म्हणायचे, आमच्याकडे तसंच म्हणतात. घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी चालायचं. रागावायचं ते कानडीत आणि समजूत काढायची ती मराठीत. वितळलेल्या राळेचा वास आणि चुलीवर भाजणाऱ्या शेंगदाण्यांचा वास आमच्या घरात एकमेकांत मिसळलेले असत. आजही कुठे सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की मला शेंगाचटणीची भूक लागते.

अण्णांनी तारुण्यातली काही वर्षं गिरणीच्या मागखात्यात काढली होती. त्या गडगडाटानं त्यांच्या कानांतले बारीक सूर कायमचे गेले. माणसाचं बोलणं ऐकू यायचं, पण रेडिओतली बारीक शिट्टी त्यांना कळायची नाही. ती मी सांगायची. त्यामुळे त्यांनी जमिनीतला धातू शोधायचं यंत्र बनवायला घेतलं तेव्हा ऐकणारी मीच, हे न बोलता ठरलं. कुठल्याशा जुन्या इंग्रजी मासिकात त्यांना त्याची आकृती सापडली होती. पिठाच्या चाळणीची जाळी काढून तिच्या लाकडी कड्यावर त्यांनी तांब्याची तार गुंडाळली, कड्याला वेळूची काठी लावली, सेल आणि ट्रान्झिस्टर एका बिस्किटाच्या डब्यात बसवले. जुन्या बाजारातून आणलेले जाड, काळे हेडफोन मी कानांवर चढवले की आत एकसारखी बारीक शिट्टी वाजत राही. खाली धातू आला की तिचा सूर चढे. बस, एवढंच ते यंत्र. शेजारच्या विणकरणीची नथ कोळशाच्या राखेच्या ढिगात पडली होती, ती आम्ही त्या यंत्रानं शोधून दिली, आणि पेठेत आमचा बोलबाला झाला. गुप्तधनाच्या नादाची माणसंही मग दुकानात यायला लागली. अण्णा त्यांना दारातूनच परत पाठवायचे. ‘यंत्र धातू सांगतं, सोनं सांगत नाही,’ एवढंच म्हणायचे आणि पुन्हा कामाला लागायचे.

पण मामा आला तेव्हा त्यांना तसं म्हणता आलं नाही. मामा म्हणजे अव्वाचा भाऊ, तिच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा. अक्कलकोटच्या वरच्या अंगाला बोरी नदीच्या काठी त्याची शेती होती. तो आला, पाणी प्यायला, आणि यंत्र घेऊन शेतावर या म्हणाला. अव्वा चुलीपुढे होती. तिचे हात पिठात तसेच थांबले. कारण मामा काय शोधायला बोलावतोय ते आमच्या घरात प्रत्येकाला ठाऊक होतं.

ते एवढंच होतं. अव्वा दहा-अकरा वर्षांची असताना, निजामाच्या मुलखात धामधूम माजली तेव्हा, तिचं घर गाव सोडून सोलापूरला आलं. तिची आई आधीच वारलेली होती. वडील, ज्यांना मी कधी पाहिलं नाही पण सगळे आज्जा म्हणायचे, तिघं मुलं घेऊन इथे निर्वासितांच्या छावणीत राहिले. काही दिवसांनी आज्जा घरातलं धान्य आणि बायकोचे दागिने आणायला गावी परत गेले. बरोबर थोरल्या मुलीला, म्हणजे माझ्या मावशीला, घेऊन गेले. ती तेव्हा सोळा वर्षांची होती. आई गेल्यावर घर तीच बघायची, दागिन्यांची पुरचुंडी कुठल्या कणगीत खुपसली आहे ते तिलाच माहीत होतं. दोघं रिकाम्या हातांनी परत आली. वाटेत धोका दिसला म्हणून पुरचुंडी तांब्याच्या डब्यात घालून शेतात करंजाच्या झाडाखाली कंबरभर खोल पुरली, असं आज्जांनी सांगितलं. दोन महिन्यांत आज्जा तापानं गेले. सगळं निवळल्यावर चुलत्यानं मुलांना गावी नेलं, मावशीनं जागा दाखवली, त्यानं खणलं. गुडघाभर मातीखाली गोट्यांचा टणक थर लागला. डबा नव्हता. तिथून पुढे तीस वर्षं एकच वाक्य त्या घरात फिरत राहिलं, की जागा दोघांनाच ठाऊक होती आणि त्यातला एक मेला होता.

मावशीचं लग्न कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातल्या माणसाशी झालं. त्यांनी पुढे घराला एक खोली वाढवली, तेव्हा मामा म्हणाला, बघा. मामानं तिला माहेरी बोलावणं सोडलं. अव्वा तिला भेटायची, पण पंचमीला, दिवाळीला मामाकडे एकटीच जायची आणि तिथे कुणी मावशीबद्दल बोललं तर मान खाली घालून ऐकून घ्यायची. तिच्या मनाला ते लागत असलं पाहिजे, कारण गेली दोन वर्षं ती एकाच उद्योगात होती. मावशीची मुलगी नीला माझ्यापेक्षा एका वर्षानं मोठी, आणि मामाचा मुलगा लग्नाचा. ती सोयरीक झाली की बहीणभाऊ आपोआप एका मांडवात येतील, असा अव्वाचा हिशेब. मामा नाही म्हणत नव्हता आणि हो म्हणत नव्हता. त्या दिवशी तो अण्णांना म्हणाला, ‘मशीन फिरवून बघू की एकदा. डबा घावला तर मी सोता कुर्डुवाडीला जातो, अक्काच्या पाया पडतो.’ अव्वानं मागून अण्णांकडे नुसतं बघितलं. अण्णांनी सेल बदलायला घेतले.

आम्ही गेलो ते वैशाखात. शेतं मोकळी होती, ढेकळं तापून पांढरी पडलेली. मामीनं सकाळीच धपाटे आणि दही बांधून दिलं होतं. करंज नदीकडच्या बांधाला, बुंधा दोघांच्या कवेत न मावणारा. मी हेडफोन चढवले आणि पदर कमरेला खोवून झाडाभोवती पावलापावलानं कडं फिरवायला लागले. अण्णा यंत्राचा डबा धरून माझ्यामागे, मामा, त्याचा मुलगा आणि दोन गडी फावडी घेऊन सावलीत. हेडफोनच्या आत माझे कान घामानं निथळत होते. जगातले सगळे आवाज बंद आणि ती एक शिट्टी. मला ते आवडायचं, हे मी आता कबूल करते. माझ्या बोटाकडे बघत पाच पुरुष उभे आहेत, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

बुंध्यापासून सात-आठ पावलांवर सूर चढला. मावशीनं दाखवलेली जागा तीच होती. मी हात वर केला. मामा धावलाच. गड्यांनी खणायला घेतलं, माती गुडघाभर निघाली आणि पहारीला खणकन गोटे लागले. चुलता इथेच थांबला होता. मामा म्हणाला की आज्जानं डब्यावर मुद्दाम गोटे भरले असतील, कुणाला संशय येऊ नये म्हणून. पहारी चालू झाल्या. तो थर असा होता की पहार आपटली तर ठिणगी उडावी. गोटे एकमेकांना पांढऱ्या चुन्यासारख्या कशानं तरी चिकटलेले, सिमेंट ओतल्यासारखे. दुपार कलेपर्यंत कंबरभर खोल झालं. मी खड्ड्यात उतरून पुन्हा कडं धरलं, तर शिट्टी सपाट. मग उकरलेल्या मातीच्या ढिगावर धरलं, तर सूर चढला. बैलाच्या खुराची एक गंजकी पत्री निघाली. वरच्या मातीतलीच.

मामा बांधावर बसला. गड्यांनी पहारी टाकल्या. खड्ड्यातून वर यायच्या आधी मी भिंतीला हात टेकला, तेव्हा गोट्यांमध्ये काहीतरी बोटाला कापलं. लालसर, मधाच्या रंगाकडे झुकलेला एक चपटा दगड अर्धा बाहेर आलेला होता. बाकीचे गोटे गुळगुळीत आणि ह्याची कड मात्र धारेची. खुरप्याच्या टोकानं मी त्याभोवतीचा चुना टवकत बसले. निघायला बराच वेळ लागला. बाहेर आला तेव्हा माझ्या तळहातापेक्षा थोडा लांब, करंजाच्या पानासारखा मध्ये फुगीर आणि टोकाला निमुळता होता. दोन्ही बाजूंनी टवके काढून कुणीतरी तो घडवला होता, हे मला न शिकवता कळलं. बुडाशी काठीत खोचायला जागा ठेवल्यासारखी होती. मी तो मामाला दाखवला. त्यानं हातात घेऊन उलटासुलटा केला आणि ‘गारगोटी हाय,’ म्हणून मातीच्या ढिगावर टाकून दिला. मी तो उचलून रुमालात बांधला. अव्वा मामीबरोबर घरीच थांबली होती, आमची तोंडं बघूनच तिला सगळं कळलं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. इतिहासाचे आमचे सर सुट्टीतही ग्रंथालयात बसायचे. त्यांच्यापुढे मी रुमाल सोडला तेव्हा ते खुर्चीवरून उठले. भाल्याचं पातं आहे म्हणाले. शेती नव्हती, मडकं नव्हतं, त्याच्याही फार फार आधीच्या माणसानं केलेलं. त्यांनी मला इतके प्रश्न विचारले की तोंड कोरडं पडलं: किती खोल, कसल्या थरात, सुटं होतं की रुतलेलं. मी सांगितलं की गोट्यांत घट्ट होतं, खुरप्यानं टवकावं लागलं, गोटे पांढऱ्या चुन्यानं जखडलेले होते. सरांनी कागदावर थर काढून दाखवले. पूर्वी नदी तिथून वाहायची, हे गोटे तिनं आणलेले, पातंही तेव्हाच त्यांत पडलं, मग हजारो वर्षं चुना झिरपून सगळं दगड झालं. ‘म्हणजे बघ,’ ते म्हणाले, ‘त्यानंतर ह्या थराला कुणाचा हात लागलेला नाही. तू पहिली.’ ते पातं पुढे मी त्यांच्याच हवाली केलं. मागच्या वर्षी कॉलेजात सहज विचारायला गेले, तर तिथल्या तरुण बाईंनी बरीच कपाटं उघडून पाहिली आणि सापडलं नाही म्हणाल्या. मला वाईट वाटायला हवं होतं. जिना उतरताना मला हलकं वाटलं.

पण तेव्हा मी त्या वाक्यावर तरंगत घरी आले होते. तू पहिली. पंचमीच्या आधी मामा अव्वाला न्यायला आला. जेवणं चालली होती, अव्वानं हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, केली होती, वर तूप. ताटात हुग्गी वाढता वाढता तिनं हळूच नीलाचा विषय काढला. मामाही नरमलेला वाटला. डबा दुसऱ्याच कुणी काढला असेल, गावात कोण कमी आहेत, असं तो म्हणाला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून तसं निघालं असावं. आणि मी रुमाल आणला. पातं ताटाशेजारी ठेवून मी सगळं सांगायला लागले, नदी, गोटे, चुना, हजारो वर्षं. मला वाटत होतं की माझा मामा, ज्यानं ते गारगोटी म्हणून फेकलं, त्यानं आता थक्क व्हावं. मावशीचा विचार माझ्या डोक्यात नव्हता. तोंडातून शब्द निघून गेल्यावर तो आला. ‘त्या थराला कधी कुणाचा हातच लागलेला नाही, मामा. तिथे कंबरभर खड्डा कधी झालाच नव्हता.’

‘सुम्म कूड,’ अव्वा म्हणाली. गप्प बस. पण उशीर झाला होता.

मामानं हातातला घास ताटात ठेवला. त्यानं मला दोनदा तेच पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं, कारण शिकलेल्या माणसानं सांगितलेलं खरं होतं आणि ते मी बदलणार कशी? मग तो अगदी शांतपणे म्हणाला, ‘म्हंजी पुरलंच न्हवतं. जागाच खोटी दावली. आन् मी आत्ताच म्हनत होतो, दुसऱ्या कुनी काढलं आसंल.’ तो हात धुऊन उठला. नीलाचं स्थळ आपल्याला करायचं नाही, चोराची पोर घरात नको, हे त्यानं उंबऱ्यावरून सांगितलं. अव्वा त्या पंचमीला माहेरी गेली नाही. हुग्गीचं पातेलं भरलेलं तसंच राहिलं. अण्णांनी दुकानात जाऊन यंत्राच्या डब्यातले सेल काढून ठेवले.

पंधरा दिवसांनी मी घरी न सांगता कुर्डुवाडीची गाडी धरली. नीलाशी बोलायचं होतं. काय बोलायचं, ठाऊक नव्हतं. पातं पिशवीत होतं. ते का घेतलं, तेही मला सांगता येणार नाही. रेल्वेच्या चाळीमागे मावशीचं घर. शंटिंगच्या इंजिनाचे धक्के भिंतींना जाणवायचे. नीला शिवणाच्या वर्गाला गेली होती. मावशी एकटीच चुलीपुढे बसलेली, माझ्या अव्वाचंच तोंड, पण जास्त वाळलेलं. ‘ये की,’ म्हणाली, ‘भाकरी गरम हाय.’ स्थळ मोडल्याचं तिला कळलं होतं, का मोडलं तेही कळलं होतं. मी बाहेरच्या पायरीवरच रडायला लागले. तिनं मला आत ओढलं, पाण्याचा तांब्या दिला आणि दगड बघू म्हणाली.

पिठाचा हात लुगड्याला पुसून तिनं पातं घेतलं. उजेडाकडे धरलं. धारेवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘तुजा मास्तर बरोबर सांगतोय. तितं काय पुरलं न्हवतं.’

तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि सांगत गेली. दागिने घेऊन ती आणि आज्जा परत निघाली तेव्हा भर दुपार होती. ओढ्याच्या उतारावर चौघं आडवे आले. कोण होते ते तिला कळलं नाही. त्या दिवसांत जो तो काठी घेऊन हिंडत होता, लुटणारे सगळ्यांत होते. धान्याचं पोतं त्यांनी उतरवलं. तेवढ्यावर गेले असते. पण एकानं तिचा हात धरला आणि तिला ज्वारीच्या ताटांकडे ओढायला लागला. आज्जानं कमरेची पुरचुंडी सोडून त्यांच्या पायांवर टाकली. ते ती उचलायला वाकले, हात सुटला, बापलेक पळत सुटले. ‘हात धरला हुता,’ मावशी म्हणाली. ‘त्येच्या फुडं काय झालं न्हाय. पन कोन ऐकनार हुतं?’

छावणी दिसायला लागल्यावर आज्जांनी तिला थांबवलं. गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवायला लावून शपथ घातली. धोका लांबूनच दिसला, वाटेत कुणी गाठलंच नाही असं सांगायचं. पुरलं म्हणायचं, करंजाखाली, कंबरभर. आज्जांनी त्या रानात उभा जन्म नांगर हाकला होता, तिथे खाली गोटे आहेत हे त्यांना माहीत होतं. कुणी खणलं तर गोट्यांना लागून थांबेल, कुणीतरी नेलं म्हणेल आणि विसरून जाईल, असं त्यांना वाटलं. पोरीवरच बोट येईल, हे त्यांच्या मनात आलं नाही. किंवा आलं असेल आणि त्यांनी दोहोंतलं कमी वाईट निवडलं असेल. ह्या वयात मला ते दुसरंच जास्त खरं वाटतं. मुलीला चोर म्हटलं तर तिचं लग्न होऊ शकतं. दुसरं काही म्हटलं तर होत नाही.

‘मामाला सांग ना आता,’ मी म्हणाले. ‘तीस वर्षं झाली.’

‘घरी पोर हाय की लग्नाची,’ मावशी म्हणाली. तिनं पातं माझ्या हातात परत दिलं आणि भाकरीवर शेंगाचटणी आणि तेल घालून ताट पुढे सरकवलं. मी कुणाला सांगणार नाही असं तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं. शपथ घातली नाही. शपथेचा तिला कंटाळा आला असावा.

मी तो शब्द दसऱ्यापर्यंत पाळला. मग एका दुपारी अव्वा परातीत ज्वारी निवडत होती, दुकानात कुठलासा रेडिओ कुरकुरत होता आणि मी तिच्यासमोर बसून सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं ती रडेल, किंवा माझ्या अंगावर येईल. ती खडे वेचत राहिली. मग म्हणाली, ‘अक्का परत आली तवा तिच्या एका हातात बांगडी न्हवती. दुसऱ्या हातात सगळ्या होत्या.’ एक खडा बाजूला टाकून म्हणाली, ‘मनगट सुजलं होतं. मीच हळद लावली की.’ दहा-अकरा वर्षांची होती ती. तिनं तेव्हा विचारलं नाही. आणि नंतर, कळत्या वयात, विचारलं नाही ते मुद्दाम. बहीण चोर आहे असं ऐकून घेणं तिला ह्या दुसऱ्या गोष्टीपेक्षा सोपं गेलं. हे ती माझ्याशी पहिल्यांदा आणि शेवटचं बोलली. ज्वारी सुपात ओतून तिनं उद्या मामाकडे जायचं आहे, तू बरोबर चल, असं सांगितलं.

एस्टीत ती पूर्ण वाट खिडकीबाहेर बघत होती. ती मामाला खरं सांगणार, असं मी धरून चालले होते. मावशीला दिलेला शब्द मी मोडला होता. मामा ओसरीवर सुतळी वळत होता. आम्हाला बघून त्यानं मामीला चहा टाकायला सांगितलं, पण हातातलं काम सोडलं नाही. अव्वा त्याच्यासमोर खाली बसली.

‘दागिने बाबांनी छावणीत विकले,’ ती म्हणाली. ‘आपल्याला खायला न्हवतं म्हणून. अक्काला त्यांनी गप्प बसायला लावलं. मला ठाऊक होतं. मी बघितलं होतं.’

मामाच्या हातातली सुतळी थांबली. ‘तवा तू एवढीशी हुतीस.’

‘बघितलं होतं.’

‘आन् मग एवढी वरसं?’

‘माहेर तुटंल म्हणून गप्प बसले,’ अव्वा म्हणाली. ‘तुझ्याकडं यायला मिळत होतं. अक्काला मिळत न्हवतं. मी बघत राहिले.’

शेवटचं वाक्य खोटं नव्हतं. कदाचित म्हणूनच ती ते एवढ्या सरळ आवाजात बोलू शकली. मामा तिच्याकडे पाहत होता आणि त्याच्या डोळ्यांत जे भरत चाललं होतं ते मी त्याआधी त्याच्या डोळ्यांत फक्त मावशीचं नाव निघालं की पाहिलं होतं. मग तो माझ्याकडे वळला. ‘देवी,’ तो माझं नाव घेऊन म्हणाला, ‘तू शिकलेली हायस. त्या दिवशी तूच खरं बोललीस, बाकी समदी गुळमुळीत. ह्ये खरं हाय का?’

अव्वानं माझ्याकडे पाहिलं नाही. ओसरीवर चहाचा वास पसरला होता. त्या दगडानं मला त्या घरात असं काही दिलं होतं की माझ्या शब्दाला आता वजन होतं, आणि मामा ते वजन माझ्याकडे मागत होता. मला आठवतं की मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि इतकं घट्ट गुंडाळलं की बोट पांढरं पडलं.

‘खरं आहे, मामा,’ मी म्हणाले.

त्यानं चहा घेतला नाही. आम्हीही घेतला नाही. पुढच्या आठवड्यात मामा खण, इरकली लुगडं आणि गूळ-खोबरं घेऊन कुर्डुवाडीला गेला आणि खरंच मावशीच्या पाया पडला. मावशीनं त्याला काय सांगितलं, नाही सांगितलं, मला माहीत नाही. अव्वाची कहाणी तिच्या कानावर गेली तेव्हा तिनं ती खोडून काढली नाही. दिवाळीला ती माहेरी गेली. त्यानंतर दर दिवाळीला जात राहिली. मामानं नीलासाठी पुन्हा शब्द टाकला, तेव्हा नकार नीलानं दिला. माझ्या आईला ज्या ओट्यावर चोर म्हटलं तिथे मी माप ओलांडणार नाही, असं तिनं स्वतः मामाला सांगितलं. माळशिरसच्या एका शिक्षकाशी तिचं लग्न झालं, चांगलं झालं. मावशी गेल्यावर मी नीलाला सगळं सांगितलं. हे लिहू का, असं विचारलं तेव्हा ती फोनवर लिही म्हणाली, फक्त आईचं नाव घालू नकोस. मी ते घातलेलं नाही.

अव्वाला मात्र मामानं पुन्हा माहेरी बोलावलं नाही. ती मरेपर्यंत नाही. मी कित्येकदा तिला म्हणाले की आता तरी खरं सांगू या, मावशीची मुलं मार्गी लागली. ती म्हणायची की राहू दे, पाळी बदलली एवढंच.

कॉलेज संपल्यावर माझं लग्न झालं, त्यात मामा आला नाही. मांडवात अक्षतांची वेळ झाली तेव्हा लग्न लावणाऱ्या स्वामींनी रिवाजाप्रमाणे विचारलं, मुलीचे मामा कुठे आहेत, पाठीमागे उभे राहू द्या. सगळे इकडेतिकडे पाहायला लागले. मांडवाच्या गलक्यात अण्णांना प्रश्न नीट ऐकू आला नव्हता, ते हसून मान हलवत होते. अव्वा खांबाशी उभी होती, ताठ, हातात अक्षतांचं ताट. मग बायकांच्या गर्दीतून मावशी पुढे आली. तिनं चपला काढल्या, पदर डोक्यावरून घेतला, आणि कुणी काही म्हणायच्या आत माझ्यामागे येऊन उभी राहिली. अक्षता संपेपर्यंत तिचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर होते.